मापसाहेबांचा एक बावन्न

हौशी ड्रायव्हरांच्या त्या ग्रुपवर कुणी नवखा विचारायचा, "चाकं आणि टायर बदलायचेत, खिसा फाटणार नाही असं काही सुचवा," की पुढच्या पाच मिनिटांत तीसेक जण एकच उत्तर द्यायचे, "थांब. साहेबांना येऊ दे."

साहेब म्हणजे मापसाहेब. ऑफिस सुटल्यावर हातपाय धुऊन, चहाचा कप डाव्या हाताला ठेवून ते उत्तर लिहायला बसत आणि एकदा बसले की चहावर साय धरेपर्यंत उठत नसत. 'मोठी चाकं दिसायला झोकदार असतात,' ते लिहीत, 'पण वळणावर ती तुम्हाला काहीही देत नाहीत, उलट त्यांचे टायर महाग पडतात. एक इंच लहान चाक घ्या. नवीन घेऊ नका. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलवर कंपनीनं दिलेली अलॉयची चाकं जुन्या बाजारात पडून असतात, कारण लोकांना ती साधी वाटतात. ती घ्या. कडा बोटानं चाचपा. भेग लागली तर फुकट दिली तरी घरी आणू नका. रेसिंगचे टायर घेऊ नका. तुम्ही रेसर नाही. चांगल्या रबराचे, रस्त्यावरचे टायर घ्या. दुकानदार "अगदी ताजा माल" म्हणाला, तर टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायरचा जन्मदाखला तिथे असतो, दुकानदाराच्या तोंडात नसतो.'

सल्ला सोळा आणे खरा असायचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात सल्ल्याचा काडीचाही दोष नव्हता.

ग्रुपमध्ये चाळीसएक माणसं. महिन्यातून एका रविवारी सगळे मिळून गावाबाहेरचा रेसिंगचा ट्रॅक भाड्यानं घ्यायचे आणि आपापल्या घरच्या गाड्या त्यावर गोल गोल पळवायचे. शर्यत नाही, बक्षीस नाही, बघायला कुत्रंही नाही. आपली गाडी, आपलं पेट्रोल, झिजणार ते आपलेच टायर. आणि मागच्या खेपेपेक्षा अर्धा सेकंद आधी पोहोचलो म्हणून आठवडाभर घरच्यांचं डोकं खायचं. एका चकरेला लागलेला वेळ म्हणजे त्या माणसाचा 'टाइम'. पगार, वय, बायकोचं मत, या गोष्टी ग्रुपमध्ये कुणी विचारत नसे. टाइम विचारत. ग्रुपचा म्होरक्या होता डेंटिस्ट. त्याची गाडी लाल आणि टाइम दोन मिनिटं पाच सेकंद, म्हणजे दोन पाच. बाकीचे दोन दहा ते दोन वीसच्या मधे कुठेतरी घुटमळत होते.

आणि मापसाहेबांचा टाइम होता एक बावन्न.

मापसाहेब सरकारी वजनमापं निरीक्षक. काखेत चामडी पेटी, पेटीत मखमलीत झोपवलेली पितळी वजनं, आणि बाजारातून चाललं की उजवीडावीकडे एकदम हालचाल. भाजीवाला काट्याखाली चिकटवलेलं चुंबक काढून खिशात टाकी. मटणवाला बोट पारड्यावरून उचलून कानात घाली. "साहेब आले, साहेब आले" अशी कुजबुज पुढेपुढे धावे, आणि साहेब पोहोचेपर्यंत सगळ्या बाजाराचं माप आंघोळ केल्यासारखं स्वच्छ झालेलं असे. लोक हसून बोलत, खुर्ची पुसून देत, आणि साहेबांची पाठ वळली की बोटं मोडत. सव्वीस वर्षं हेच. ग्रुपवर मात्र त्याच 'साहेब आले' या शब्दांमागे हसरे चेहरे आणि टाळ्यांची चित्रं येत. मापसाहेबांना ते फार, फार आवडायचं. जगात हीच एक जागा होती जिथे ते आले की लोक काही लपवत नव्हते.

लपवत होते ते स्वतः.

झालं होतं असं. आठ वर्षांपूर्वी ट्रॅकवरच्या गाड्या तोलायच्या मोठ्या काट्याची तपासणी करायला ते तिथे गेले होते. काटा खरा निघाला, त्यांनी शिक्का मारला, आणि निघता निघता फलकावर कुणा धंदेवाईक ड्रायव्हरचा टाइम झळकताना पाहिला. एक बावन्न. गाड्यांचं वेड कॉलेजपासून होतंच. आठवड्याभरात ते ग्रुपमध्ये शिरले. अर्जात तीन रकाने होते: नाव, गाडी, टाइम. पहिले दोन भरले. तिसरा रिकामा सोडणं बरं दिसेना, निरीक्षकाला रिकामा रकाना बघवत नाही. हाताला जो आकडा आला तो त्यांनी लिहिला. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करू म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी डेंटिस्टनं लिहिलं होतं, 'एक बावन्न?? साहेब, तुमचे पाय धरायला हवेत!' आणि पाय धरायला आलेल्या माणसाला परत पाठवणं मापसाहेबांच्या जिवावर आलं.

त्यांनी ट्रॅकवर एकदाही गाडी चालवलेली नव्हती.

जायचे मात्र न चुकता. ग्रुपच्या त्या प्रत्येक रविवारी पहाटे उठून आपली करडी छोटी गाडी घेऊन हजर. डिकीत वजनकाटा, हवेचं मीटर, खडू आणि वही. कुणाचं चाक आलं की काट्यावर. "सात किलो तीनशे ऐंशी. विकणारा सात दोनशे म्हणाला होता ना? एकशे ऐंशी ग्रॅमला फसलास." माणूस फसल्याबद्दल आभार मानून जाई. हवेचा दाब मोजून ते टायरवर खडूनं आकडा लिहीत, गाडी परतली की पुन्हा मोजत आणि तापलेल्या टायरमधून चिमूटभर हवा सोडत. त्यानंतर त्या माणसाचा टाइम खरोखर सुधारत असे. आणि कुणी विचारलं, "साहेब, आज तुम्ही?" की उत्तर तयार. चाकं पॉलिशला टाकलीत. नव्या टायरला अजून दोन आठवडे मुरू द्यायचंय. आज पाठ धरलीय. एकदा तर म्हणाले, "आज मी निघालो तर तुमचा हिरमोड होईल." त्यावर सगळे पोट धरून हसले आणि एकाने ते वाक्य टी-शर्टवर छापून घेतलं.

घरात पलंगाखाली चाकांचे तीन संच होते, कारण मापसाहेबांनी स्वतःसाठी अजून काही नक्की केलेलं नव्हतं. त्यांची बायको कोर्टात लघुलेखक होती. दिवसभर लोकांच्या शपथेवरच्या साक्षी टिपून घेणारी, आणि कोण कुठे थापा मारतंय हे वकिलाच्या आधी ओळखणारी बाई. पण नवऱ्याचा एक बावन्न तिनं डोळे मिटून घेतला होता. इतक्या रटाळ माणसात एवढी एक झणझणीत गोष्ट आहे, याचं तिला कौतुक होतं. कोर्टातल्या शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना तिनं ते ऐकवून झालं होतं.

साहेबांची पन्नाशी आली तेव्हा तिनं तीन महिने पैसे बाजूला टाकून त्यांच्या नावे ट्रॅकचा अख्खा दिवस नोंदवला. पावती जेवायच्या टेबलावर त्यांच्या ताटाखाली ठेवली.

"आठ वर्षं दुसऱ्यांच्या टायरात हवा भरताय," ती म्हणाली. "आता एकदा मलाही बघू द्या. मी येणार आहे बरं का. केक सांगितलाय तुमच्या त्या बेकरीवालीला. त्यावर एक बावन्न लिहून आणणार आहे ती."

"अगं, पण चाकं..."

"पलंगाखाली बारा आहेत. त्यातली चार निवडा."

'सांगून टाकावं,' असं मापसाहेबांना वाटलं, अगदी जिभेवर आलं. पण बायको इतकी खुशीत होती की ते "वरण छान झालंय" म्हणाले. ताटात वरण नव्हतंच.

आता बेकरीवालीबद्दल. ती ग्रुपमध्ये दीड वर्षापूर्वी आली. विधवा बाई, पाव पोहोचवायच्या जुन्या हॅचबॅकनंच ट्रॅकवर यायची, मागच्या सीटवरचा पिठाचा थर झटकून. टाइम दोन चौदा, तोही इतक्या गुळगुळीत टायरांवर की त्यात तोंड दिसावं. नवे टायर घ्यायचे म्हणून ती रोजच्या विक्रीतून थोडं थोडं डब्यात टाकत होती. कुठले घ्यायचे हे तिनं साहेबांना विचारलं. साहेबांनी महिनाभर शोधाशोध केली, चार दुकानं पालथी घातली, आणि एक टायर काढला. फारसं नाव नसलेल्या कंपनीचा, रस्त्यावरचाच, पण रबर मऊ आणि किंमत मोठ्या कंपन्यांच्या निम्मी. 'मी स्वतः हाच लावणार,' असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. एवढं वाक्य पुरलं. चौदा जणांनी एकगठ्ठा मागवले. डेंटिस्टनं तर आपले परदेशी टायर विकून टाकले आणि हे चढवून घेतले. साहेबांच्या संचासकट सगळे संच त्याच आठवड्यात आले. कुणीही ते अजून ट्रॅकवर वापरलेले नव्हते.

कारण डेंटिस्टनं जाहीर केलं होतं की नव्या टायरांचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते होईल. साहेबांच्या बायकोनं नोंदवलेल्या रविवारी सगळा ग्रुप येईल, पण सकाळी पहिली फेरी साहेबांची. त्या वेळी ट्रॅकवर दुसरी गाडी सोडायची नाही.

रविवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. मापसाहेबांनी पावसाची वाट पाहिली, मग पोटदुखीची. दोन्हीपैकी काही आलं नाही. सगळे कठड्याला टेकून उभे. बायको नवी साडी नेसून पुढे, तिच्या शेजारी बेकरीवाली, आणि दोघींच्या मधे दुमडत्या टेबलावर पांढरा खोका. खोक्यात केक होता हे साहेबांना माहीत होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

फाटकापाशी नेहमीप्रमाणे जुन्या टायरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो लागलेला. हौशी लोक टायर कंटाळून टाकतात तिथे हा उभा असतो. झिजून टाकलेल्यांपेक्षा कंटाळून टाकलेले टायर जास्त, आणि त्यावर त्याचं घर चालतं.

साहेबांनी हेल्मेट चढवलं. त्यांना ट्रॅकचं प्रत्येक वळण पाठ होतं. कुठे ब्रेक लावायचा, कुठे गाडी आतल्या कडेला घासून न्यायची, कुठे पाय पूर्ण दाबायचा, हे त्यांनी इतरांना शेकडो वेळा लिहून दिलं होतं. पण पहिलं वळण समोर आलं तेव्हा ते कागदावर होतं त्याच्या दुप्पट जवळ निघालं. पाय आपोआप वर आला. दुसऱ्या वळणाला त्यांनी इंडिकेटर दिला. लांबलचक सरळ पट्ट्यावर इंजिन ओरडू लागलं तसं त्यांना वाटलं आपल्यावरच ओरडतंय, आणि त्यांनी गिअर वर टाकून त्याला गप्प केलं. डोक्यात एकच विचार, घरी जायचं. सगळ्यात लांबच्या वळणावरच्या झेंडेवाल्याला वाटलं गाडी बिघडली. तो आग विझवायचं नळकांडं घेऊन कठडा ओलांडून आला आणि साहेबांनी त्याला हात केला.

तीन चकरा मारून ते परतले. फलकावर त्यातला सगळ्यात चांगला टाइम लागला.

२:४१.६.

कुणी टाळी वाजवली नाही. एकाने फलकाच्या काचेवर टकटक करून पाहिलं. टाइम लावणाऱ्याने मान हलवली, यंत्र बरोबर आहे. साहेब गाडीतच बसून राहिले. संपलं, त्यांना वाटलं. आठ वर्षांचं सगळं आता गळून पडणार. आणि खरं सांगायचं तर, त्या भीतीच्या तळाशी त्यांना थोडं हलकंही वाटत होतं.

पण माणसं अशी सहजासहजी शहाणी होत नाहीत.

"टायर!" डेंटिस्ट म्हणाला.

"काय टायर?"

"अहो, साहेबांसारखा माणूस! एक बावन्नवाला! त्याला या टायरांनी दोन एक्केचाळीसवर आणून आपटलं. मग आपलं काय होईल? आपण तर मरूच की!"

"मला पेटी उघडल्यापासून वास येत होता त्या रबराचा," दुसरा म्हणाला.

"माझी तर गाडी घरून येतानाच डुगडुगत होती," तिसऱ्याने री ओढली. तो बायकोच्या गाडीत बसून आला होता.

पाच मिनिटांत चौदा जणांची खात्री पटली. स्वतः एक चक्कर मारून बघावी असं कुणालाही वाटलं नाही. टायर घातक आहेत हे एकदा ठरल्यावर ते वापरून बघणं म्हणजे जिवाशी खेळच नाही का? टायरांच्या व्यापाऱ्याला काय कुणकुण लागली कोण जाणे, तो टेम्पो घेऊन थेट कठड्यापाशी आला. "खराब माल आहे म्हणताय, तर भंगाराच्या भावानं घेईन," तो पडेल चेहऱ्यानं म्हणाला. डेंटिस्टनं सगळ्यात आधी सौदा केला. तिथल्या तिथे जॅक लावून चारही चाकं उतरवली, टायर सोडवले, टेम्पोत टाकले. लाल गाडी विटांवर टेकली. आता घरी कशी जाणार, हा प्रश्न तिथे हजर असलेल्यांपैकी एकाही सुशिक्षित माणसाला पडला नाही.

लोक साहेबांभोवती जमले ते सांत्वन करायला. "वाचलात साहेब," म्हणाले. एकाने पाण्याची बाटली दिली. कुणी पाठीवर हात ठेवला. साहेबांना कळेना हे काय चाललंय, आणि कळलं तेव्हा त्यांच्या मनात आधी जे आलं ते काही चांगलं नव्हतं. सुटलो, असं आलं. एक बावन्न शाबूत आहे. गप्प बसलं की झालं. टायरला थोडंच तोंड असतं.

तेवढ्यात गर्दीतून बेकरीवाली पुढे आली. तिच्या गाडीवर नवे टायर होते, कोऱ्या रबराचे बारीक केस अजून त्यांच्या अंगावर तसेच.

"साहेब, मीही देऊन टाकू का?" तिनं विचारलं. "दीड वर्ष पैसे साठवले होते हो. पण तुम्ही म्हणाल तसं."

व्यापारी तिच्या टायरांकडे बघत हात चोळत उभा होता. साहेबांनी ते हात पाहिले. बाजारात असे हात त्यांनी सव्वीस वर्षं पाहिले होते. पारडं खाली जायच्या जरा आधी असेच चोळले जातात. आणि आज खोटं वजन टाकणारा माणूस तो नव्हता.

"देऊ नका," साहेब म्हणाले. "टायर चांगले आहेत. वाईट मी आहे. एक बावन्न माझा नव्हताच. मी आज पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी घातली."

डेंटिस्टचे डोळे पाणावले.

"बघा," तो सगळ्यांना म्हणाला. "बघा, काय मन आहे! त्या टायर कंपनीचं नाव जाऊ नये म्हणून माणूस सगळं स्वतःवर घेतोय!"

"साहेब, एवढा मोठेपणा नका करू," दुसरा गहिवरून म्हणाला.

मापसाहेब हतबुद्ध झाले. आठ वर्षं एका आकड्याचा पुरावा कुणी मागितला नव्हता, आणि आता खऱ्या गोष्टीला गिऱ्हाईक मिळेना. ते गयावया करू लागले, शपथा घेऊ लागले. जितकं बोलत तितकी लोकांची भक्ती वाढत होती. एकटी बायको गहिवरली नव्हती. ती साक्ष ऐकताना बघते तशी त्यांच्याकडे बघत होती.

"आठ वर्षं?" तिनं विचारलं.

"आठ."

"मी न्यायाधीशांना सांगितलंय हो." एवढंच म्हणाली ती, आणि तोंड फिरवून केकच्या खोक्याकडे बघत राहिली. साहेबांना ते कुणाच्याही शिव्यांपेक्षा लागलं.

मग मात्र त्यांनी पाठ ताठ केली. बाजारात दुकानदार शब्दांत घोळ घालू लागला की करतात तशी.

"हे बघा," ते म्हणाले, आणि आवाज निरीक्षकाचा होता. "काट्यानं चुकीचं वजन दाखवलं, तर दोनच शक्यता. काटा खोटा, नाहीतर वर ठेवलेलं वजन खोटं. मी वाद घालत बसत नाही. काटा तोच ठेवतो आणि खात्रीचं वजन टाकतो. गाडी तीच. टायर तेच. हवा मी आत्ता मोजलीय तीच. ताई, किल्ली घ्या."

बेकरीवाली दचकली. "मी?"

"तुमचा दोन चौदा मी स्वतः फलकावर पाहिलाय. तो खरा आहे. तुम्ही खात्रीचं वजन."

लोकांनी तिला अडवायचा प्रयत्न केला. डेंटिस्ट तर आडवाच झाला, "बाई, पोराबाळांचा विचार करा!" बेकरीवाली म्हणाली, माझी पोरं लग्न होऊन गेली, आणि गाडीत बसली. सीट दोन खाचा पुढे ओढून घेतली.

करडी गाडी पहिल्या वळणात शिरली तेव्हा टायरांचा बारीक आवाज आला, आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मापसाहेबांनी मिटले नाहीत. आपली गाडी अशी वळते, हे ते पहिल्यांदाच बघत होते. ती कुठेही घसरली नाही, कुठेही डळमळली नाही. जिथे त्यांनी लिहून दिलं होतं तिथेच ब्रेक लागला, जिथे सांगितलं होतं तिथूनच ती सुटली. सगळं बरोबर होतं, त्यांच्या वहीत होतं तसं. त्यांना इतकं बरं वाटलं की आपण याच क्षणी खोटे ठरतोय हे ते विसरून गेले. तिसऱ्या चकरेला ते टाळ्या वाजवत होते, एकटेच.

फलकावर आकडा आला. २:११.२. परक्या गाडीत, स्वतःच्या टाइमापेक्षा जवळजवळ तीन सेकंद कमी.

सगळ्यांनी फलकाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग आपापल्या बुटांकडे. 'आज मी निघालो तर तुमचा हिरमोड होईल' हा टी-शर्ट घातलेल्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या तर आठ वर्षं आपण कुणाची थुंकी झेलत होतो, ते कबूल करावं लागणार होतं. डेंटिस्ट मात्र वेगळ्या घाईत होता. तो टेम्पोकडे धावला. व्यापाऱ्याने त्याला शांतपणे समजावलं की मघाशी माल खराब होता, आता तो चांगला निघालाय, आणि चांगल्या मालाला चांगला भाव असतो. दोघांची घासाघीस विटांवरच्या लाल गाडीच्या साक्षीनं बराच वेळ चालली.

बेकरीवाली उतरली तशी माणसं तिच्याभोवती गोळा झाली. "ताई, हवा किती ठेवलीत? ताई, ही चाकं कुठून?" पाठ फिरवायला मापसाहेबांना फारसे कष्ट पडले नाहीत, कुणी त्यांच्याकडे बघतच नव्हतं. त्यांनी काटा डिकीत ठेवला, मीटर ठेवलं, वही ठेवली.

"मला काय विचारताय?" मागून बेकरीवालीचा आवाज आला. "चाकं साहेबांची, टायर साहेबांचे, हवा साहेबांची. मी फक्त घाबरले नाही."

साहेबांनी वळून पाहिलं. ती टेबलापाशी होती आणि तिनं खोका उघडला होता. पांढऱ्या केकवर चॉकलेटी आकड्यांत, सुबक, १:५२ लिहिलेलं होतं. तिनं सुरी घेतली आणि तो आकडा हलक्या हातानं खरवडून काढला, वरचं क्रीम गुळगुळीत केलं. मग पिशवीतून चॉकलेटचा कोन काढला. बेकरीवाली कोन घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, जसे साहेब काट्याशिवाय.

"वहिनी, काय लिहू?" तिनं साहेबांच्या बायकोला विचारलं.

बायको नवऱ्याकडे न बघता, कोर्टातल्या सुरात म्हणाली, "त्यांनाच विचारा. आणि या वेळी शपथेवर घ्या."

बेकरीवालीनं साहेबांकडे पाहिलं. "बोला साहेब. तुमचा टाइम किती?"

आठ वर्षांपूर्वीचा तो रकाना पुन्हा समोर उघडा पडला होता. मापसाहेब जवळ आले.

"दोन एक्केचाळीस पॉइंट सहा."

"पॉइंट सहा राहू दे की. दोन एक्केचाळीस लिहिते. तेवढंच कमी दिसेल."

"नाही," मापसाहेब म्हणाले. "सहाही लिहा."

तिनं लिहिलं. साहेबांनी वाकून आकडा तपासला, खिशातला रुमाल काढून डोळे पुसले, आणि सुरी बायकोच्या हातात दिली. तिनं केक कापला. पहिला तुकडा तिनं बेकरीवालीला दिला, दुसरा झेंडेवाल्याला. तिसऱ्याला जरा वेळ लागला, पण तो साहेबांनाच मिळाला.